बॅग भरली की कथा थांबते

पत्राचा सारांश : पत्रलेखिका राष्ट्रीयीकृत बँकेत अधिकारी आहेत. वय चाळिशीच्या आसपास. तीन वर्षांपूर्वी बढती मिळाली आणि नेमणूक झाली तपासणी विभागात. तेव्हापासून महिन्यातले पंधरा-अठरा दिवस त्या मराठवाडा-विदर्भातल्या शाखांच्या इन्स्पेक्शनला जातात. कधी उमरगा, कधी किनवट, कधी थेट अहेरी. प्रवास बहुतेक एसटीचा, मुक्काम लॉजवर. याआधी त्या पहाटे पाच ते सात, घर उठायच्या आत, स्वयंपाकघरातल्या टेबलावर कथा लिहीत. दिवाळी अंकांत काही कथा छापून आल्या, एकीचं बरंच कौतुकही झालं. गेल्या तीन वर्षांत मात्र एकही कथा पूर्ण झालेली नाही. मिरजेतल्या एका सतारमेकर घरातल्या दोन जावांवरची दीर्घकथा निम्म्यावर अडकून पडली आहे. ओळखीचे म्हणतात, 'तुझी तर चैन आहे, रोज नवी माणसं भेटतात, त्यांच्यावरच लिही की.' म्हणून त्या फेसबुकवर प्रवासातले छोटे प्रसंग लिहितात. लोकांना ते आवडतात, त्यांना स्वतःला पुरत नाहीत. यंदा एका संपादकांनी कथा मागितली आहे. त्या विचारतात : 'बदली मागून घेऊ? लेखन निवृत्तीनंतरसाठी ठेवू? की माझ्यात आता कथा उरलेलीच नाही, हे मान्य करू? लॉजवर संध्याकाळी मी मोकळी असते. स्वयंपाक नाही, कुणाचं काही नाही. तरी एक ओळ उमटत नाही, याची सर्वांत जास्त लाज वाटते.'

सस्नेह नमस्कार,

तुमच्या पत्रातल्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करते. संध्याकाळी लॉजवर तुम्ही मोकळ्या असता, हे मला पटलेलं नाही. हात मोकळे असतील. पण दिवसभर तुम्ही काय करून आलेल्या असता? दुसऱ्यांनी लिहिलेल्या कागदांत खोट शोधून. सातबारा जोडलाय का, गहाणखताची नोंद झालीय का, सही जुळते का, तारण दाखवलेला ट्रॅक्टर दारात खरंच उभा आहे का. सकाळी दहापासून सात-साडेसातपर्यंत हेच. आणि मग त्याच नजरेनं रात्री साडेआठला तुम्ही कोऱ्या पानाकडे बघता. पहिली ओळ पुरती उतरायच्या आत तिच्यावर शेरा पडतो. याला सुचत नाही असं कसं म्हणायचं? सुचतं, पण ते तुमच्याच इन्स्पेक्शनमधून पास होत नाही.

ही नजर वाईट नाही हो. कथेलाही ती लागते, फक्त नंतर लागते. म्हणून माझी पहिली सूचना सरळ आहे : लॉजवरच्या संध्याकाळी नवं काही लिहू नका. आधी लिहिलेलं तपासा. मिरजेच्या कथेची पाच-सहा पानं घरून निघतानाच छापून बरोबर घ्या, कागदाच्या एकाच बाजूला, ओळींत भरपूर जागा सोडून. रात्री जेवण झालं की पेन्सिल घेऊन बसा आणि शाखेच्या कर्जखात्यांना लावता तोच निर्दयपणा त्या पानांना लावा. कुठलं विशेषण फुकटचं आहे, धाकटी जाऊ हे असं बोलेल का, हा संवाद आधीही एकदा येऊन गेलाय का. दमलेल्या माणसालाही हे काम जमतं. अर्ध्या तासात झोप आली तर झोपून जा.

नवं लिहायचं ते सकाळी. इथं मी तुमचं दुसरं गृहीतक थोडं हलवून बघणार आहे. तुम्ही लिहिलंय, 'दौऱ्यावर दिनक्रमच राहत नाही.' पण शाखा किनवटलाही दहालाच उघडते. पंधरा-अठरा दिवस बाहेर असता म्हणजे पंधरा-अठरा दिवस एसटीत नसता. एका शाखेचं काम चार-पाच दिवस चालत असेल, तर जाण्यायेण्याचे दिवस वगळता मधले सगळे दिवस तुम्ही एकाच गावात, एकाच खोलीत असता. पहाटे पाच ते सात हे तुमचे जुने तास तिथेही आहेत. उलट सातनंतर कुणाचा डबा भरायचा नसतो, तेव्हा ते आठपर्यंत लांबवताही येतात. तरी त्या वेळात तुम्ही लिहीत नाही. का? मला वाटतं, स्वयंपाकघरातलं ते टेबल म्हणजेच लेखन, अशी मनानं गाठ बांधून टाकली आहे. टेबल नाही, तर आपण लेखिका नाही, फक्त इन्स्पेक्शनला आलेल्या मॅडम.

लॉजवर टेबल नसतं हे खरं आहे. असलं तर त्याच्यावर टीव्ही असतो. ट्यूबलाइट नेमकी पलंगाच्या पाठीमागे, म्हणजे वहीवर स्वतःचीच सावली. गरम पाणी सहा ते आठ, तेही बादलीनं. आणि बाईमाणूस एकटी असली की खोली निवडताना उजेड-टेबल नंतर येतं, आधी दाराची कडी बघावी लागते. ती आधीच बघावी, त्यात लेखनासाठी काडीचीही तडजोड नको. पण खोली घेताना आतल्या बाजूची, परमिट रूमपासून लांबची मागता येते. क्लिप लावून अडकवायचा छोटा चार्जिंगचा दिवा बॅगेत सहज मावतो. पाठीला उशी, मांडीवर जाड पुठ्ठा. बास. पहिले काही दिवस अवघड वाटेल, लिहिलेलं कच्चंही वाटेल.

पुठ्ठ्यावरून आठवले अँथनी ट्रोलॉप. एकोणिसाव्या शतकातले हे इंग्रज कादंबरीकार टपाल खात्यात नोकरीला होते आणि कामासाठी त्यांना सतत हिंडावं लागे. प्रवासातले तास वाया जातात म्हणून त्यांनी एक लिहायची पाटी करून घेतली आणि रेल्वेच्या डब्यात ती गुडघ्यावर ठेवून पेन्सिलीनं लिहायला लागले. सुरुवातीला सहप्रवाशांसमोर लिहायचा संकोच वाटे, असं त्यांनीच आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. त्यांची दुसरी सवय जास्त प्रसिद्ध आहे : समोर घड्याळ ठेवायचं आणि दर पाव तासाला अडीचशे शब्द. लेखनाच्या कार्यशाळांत हे उदाहरण छातीठोकपणे देतात. पण त्याच गोष्टीत आणखी एक तपशील आहे, तो सहसा कुणी सांगत नाही. डब्यात पेन्सिलीनं लिहिलेल्या मजकुराची सुवाच्य प्रत नंतर त्यांची पत्नी करून द्यायची. तुमच्या घरी अशी सोय असण्याची शक्यता मला कमी वाटते. तेव्हा ट्रोलॉपांची पाटी घ्या, घड्याळ त्यांनाच ठेवू द्या.

आता खुद्द एसटीतले तास. खेड्यापाड्यांच्या रस्त्यांवर बसमध्ये लिहिता येत नाही, वाचलं तरी मळमळतं. डोळ्यांना पान स्थिर दिसतं आणि कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा सांगते की आपण हलतोय. या भांडणात पोट ढवळतं. त्यात इच्छाशक्तीचा काही संबंध नाही. बसमध्ये पुढच्या बाजूला खिडकीशी बसा, लांब बघा आणि कथेतला एकच प्रश्न सोबत घ्या. 'कथेचा विचार करू' असं ठरवून बसलात तर दहा मिनिटांत परतूरच्या शाखेचा अहवाल डोक्यात सुरू होईल. प्रश्न बारीक हवा. उदाहरणार्थ, वाटणीच्या दिवशी थोरली जाऊ घरात नेमकी कुठं उभी होती? माजघरात, की बाहेर सतारींचे भोपळे टांगलेत तिथं? उत्तर सापडलं की फोन कानाला लावा आणि बोलून ठेवा. फोनवर मोठ्यानं बोलणारी बाई एसटीत कुणालाही नवी नाही, कुणी वळूनसुद्धा बघणार नाही. व्हॉट्सॲपवर स्वतःलाच आवाजी निरोप पाठवता येतो. बोललेलं मराठीत टाइप करून देण्याची सोयही फोनच्या कीबोर्डात आहे. नावं आणि बोलीतले शब्द ती हमखास बिघडवते. तुमच्या जावा मिरजेकडचं बोलत असतील तर वाचताना करमणूक होईल, पण रात्री खोलीवर दुरुस्त करायला तेवढं पुरतं.

रेल्वेचं गणित वेगळं आहे. देवगिरी किंवा महाराष्ट्र एक्सप्रेससारख्या लांबच्या गाडीत दिवसा साइड लोअर मिळाली तर लिहायला तीच उत्तम जागा : खिडकी आपली, समोर एकच माणूस, आणि समोरच्या सहा जणांच्या डब्यांत काय आहे याची चौकशी आपल्यापर्यंत येत नाही. विरार-चर्चगेट करणाऱ्यांना यातलं काही लागू नाही, एका हातानं कडी धरलेली असताना दुसऱ्या हातानं होतं तेवढंच लेखन. पण कवितेच्या चार ओळी किंवा एका परिच्छेदाची डागडुजी फोनवर होते. तेवढ्यावर वह्या भरलेले लोक मला माहीत आहेत.

एवढ्या सगळ्या सोयी सांगूनही मला वाटतं, तुमची खरी अडचण दौऱ्यात नाहीच. पत्र मी दोनदा वाचलं. महिन्यातल्या दौऱ्याच्या दिवसांबद्दल दीड पान आहे. उरलेल्या बारा-पंधरा दिवसांबद्दल एक ओळसुद्धा नाही. त्या दिवसांत टेबल आहे, पहाट आहे, तरी कथा पुढे सरकलेली नाही. मला जे दिसतं ते असं : तुम्ही घरी येता, पहिला दिवस कपडे, किराणा, मुलांचं साठलेलं आणि झोप यात जातो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फाइल उघडता. तीन आठवड्यांपूर्वीची पानं परक्या कुणी लिहिल्यासारखी दिसतात. पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला लागता, वाचता वाचता पहिलंच पान सुधारत बसता, आणि कथेला ऊब येते न येते तोच पुढच्या दौऱ्याचं पत्र येतं. तीन वर्षांत तुमच्या कथेचं पहिलं पान किती वेळा लिहून झालंय, ते एकदा बघा. माझा अंदाज चुकीचा निघाला तर मला आनंदच होईल.

वेळ थोडा मिळाला तरी कथा तग धरते. मधे मोठा खंड पडला की तिची ओळख मोडते. चुलीतला विस्तव रात्री राखेखाली दाबून ठेवायचे, सकाळी नव्यानं काडी ओढायला लागू नये म्हणून. तसं काहीतरी तुम्हाला करायला हवं. लिहिणं थांबवताना, मग ते घरी असो की लॉजवर, शेवटी दोन-तीन ओळी स्वतःसाठी लिहून ठेवा : आत्ता कोण कुठं आहे, पुढं काय घडणार आहे, आणि पुढचं वाक्य साधारण कसं सुरू होईल. वाक्य अर्धवट सोडलंत तरी चालेल. आणि दौऱ्यावर रोज, अगदी जाण्याच्या दिवशीही, दहा मिनिटं कथेला हात लावा. एक शब्द बदलला तरी हात लागला. रोज पाचशे शब्दांसारखं उद्दिष्ट मात्र ठेवू नका. उमरग्याहून रात्री अकराला पोचल्यावर ते पाळता येत नाही, मग दुसऱ्या दिवशी अपराधी वाटतं आणि तिसऱ्या दिवशी आपण वही बॅगेच्या तळाशी घालतो.

घरी परतल्यानंतरचा पहिला दिवस लेखनाच्या नावे लिहूच नका, तो घरालाच द्या. दुसऱ्या आणि तिसऱ्या पहाटेवर मात्र तुमचा हक्क सांगून ठेवा, आणि तो घरातल्यांना तोंडानं सांगा. आपण मनात ठरवतो आणि त्यांनी ओळखावं अशी अपेक्षा करतो, त्यातून नुसती चिडचिड होते. या दोन दिवसांत फाइल उघडली की पहिलं पान न बघता थेट शेवटच्या टिपणापासून पुढे लिहा.

लिहिताना माहिती अडली तर थांबू नका. सतारीचा भोपळा किती दिवस वाळवतात, हे अहेरीच्या खोलीत बसून आठवणार नाही. नेट लावून शोधायला गेलात की पहाट संपली. 'इथे वाळवण्याचं विचारायचं' असं कंसात टाका आणि पुढं चला. असे कंस साठले की एक दिवस मिरजेला जाऊन सतारमेकर गल्लीत सगळे एकदम विचारून या.

आता 'प्रवासातल्या माणसांवर लिही' म्हणणाऱ्यांविषयी. त्यांचा हेतू चांगला असतो, सल्ला नेहमीच असतो असं नाही. किनवटला गेलेल्या माणसानं किनवटवरच लिहावं, असा काही नियम नाही. तुमच्या डोक्यात दोन जावा आहेत, मिरज आहे. किनवटच्या खोलीतून मिरज कदाचित जास्त स्वच्छ दिसेल, तिथल्या नातेवाइकांच्या शेजारात बसून जे लिहवत नाही ते इथं लिहवेल. आणि पाहिलेली माणसं ताबडतोब लिहिली नाहीत तर हरवतील, ही भीतीही तपासून बघा. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली दक्षिणा मिळवायला म्हणून उत्तरेत गेले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. झाशीत इंग्रज फौज शिरली तेव्हा ते शहरातच होते. ती हकीकत त्यांनी कागदावर उतरवली कितीतरी वर्षांनी, इतिहासकार चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून, आणि 'माझा प्रवास' हे ते पुस्तक छापलं गेलं १९०७ साली. मराठीतल्या सर्वांत जिवंत प्रवासवर्णनांपैकी एक असं उशिरा आलं. तेव्हा पुसदच्या चहावाल्याला दोन ओळींत टिपून ठेवा आणि सोडून द्या. बोलण्याची एखादी लकब, हाताची एखादी हालचाल, एखादा वास, एवढं टिपलं की पुरे. 'खूप सुंदर अनुभव' असं टिपणात लिहाल तर पुढच्या वर्षी त्यातून काहीही हाती लागणार नाही.

आणि तुमच्या बाबतीत सावधगिरीची आणखी कारणं आहेत. बँकेत रुजू होताना गोपनीयतेच्या प्रतिज्ञापत्रावर तुम्ही सही केली आहे. लहान गावात नाव बदलून काही लपत नाही. डाळमिल काढून बुडालेला, दोन बायकांचा धनी, ट्रॅक्टर ओढून नेलेला माणूस त्या तालुक्यात एकच असतो. खात्यांतून कळलेलं काहीही कथेत नको, फेसबुकवर तर नकोच नको. शाखेबाहेर, रस्त्यावर, बसमध्ये दिसलेलं तुमचं आहे. फेसबुकचा विषय निघालाच आहे तर : गावात असताना त्या गावाबद्दल टाकू नका. एकटी बाई कुठल्या गावी मुक्कामाला आहे हे जगाला कळायची गरज नाही, आणि पुढच्या शाखेला तुम्ही यायच्या आधी फायली आवरायला वेळ मिळतो, तेही बरं नाही.

फेसबुकवरचं लेखन बंद करा असं मी म्हणणार नाही. हात चालता राहतो, वाचणारे भेटतात. पण तुम्हीच म्हणता की ते पुरत नाही. प्रसंग त्याच रात्री सांगून टाकला आणि त्याला दीडशे माणसांनी 'वा' म्हटलं, की तो पुन्हा कथेत घेण्याची तहान उरत नाही. त्यातले काही प्रसंग तरी सांगायचे ठेवून बघा.

बदलीचं म्हणाल तर, मुलांची परीक्षा, पाठीचं दुखणं, घरातलं आजारपण अशी कारणं असतील तर जरूर मागा. केवळ लेखनासाठी मागणार असाल तर आधी तीन-चार दौरे वरच्या पद्धतीनं करून बघा. कारण बदली झाली, रोज घरी राहिलात आणि तरीही कथा पुढे सरकली नाही, तर मग दोष द्यायला एसटीसुद्धा उरणार नाही. शिवाय अशा नेमणुका सहसा कायमच्या नसतात. निवृत्तीसाठी राखून ठेवण्याचा विचार मात्र मला अजिबात मान्य नाही. दोन जावांचं भांडण तुम्हाला आज चाळिशीत ज्या बाजूनं दिसतंय, त्या बाजूनं ते साठाव्या वर्षी दिसणार नाही. तेव्हा दुसरी कथा होईल, कदाचित चांगलीही होईल, पण ही नव्हे. आणि 'माझ्यात कथा उरली नाही' याबद्दल एवढंच सांगते : वाटणीत थोरलीनं भांडी-दागिने सोडून सासऱ्यांच्या तंबोऱ्याची नुसती खोळ मागितली, हे तुम्ही पत्रात सहज जाता जाता लिहिलंय. ते वाचून मी पुढचं पत्र काही वेळ बाजूला ठेवलं होतं.

राहिले संपादक. त्यांना दीर्घकथा देण्याच्या नादाला यंदा लागू नका. ती घाईनं संपवाल आणि नंतर हळहळाल. दिवाळी अंकांचा मजकूर साधारण जुलै-ऑगस्टपर्यंत मागतात, तेवढ्यात दौरे सांभाळून एक छोटी, दीड-दोन हजार शब्दांची कथा होण्यासारखी आहे. ती जावांच्या कथेतून कापून काढू नका, वेगळीच घ्या. एक खोली, दोन माणसं, एक संध्याकाळ, अशी काहीतरी. पण आधी संपादकांना या आठवड्यातच कळवा : छोटी कथा चालेल का, शेवटची तारीख कोणती, फोनवर युनिकोडमध्ये टाइप केलेलं घेतात की दुसऱ्या फाँटमध्ये लागतं. मानधनाचंही त्याच पत्रात विचारा, संकोच करू नका. कर्जदाराला इतके थेट प्रश्न तुम्ही रोज विचारता. आणि दीर्घकथा पुढच्या वर्षी आधी त्यांनाच दाखवेन, असं लिहायचं की नाही, ते त्यांचं उत्तर किती दिवसांत येतं ते बघून ठरवा.